एका अक्षराचं परीक्षण

तमिळ मला येत नाही. इतकी वर्षं तमिळ चित्रपटांवर लिहूनही येत नाही, आणि आता या वयात येईल अशी आशाही उरलेली नाही. कोल्हापुरात एखादा तमिळ चित्रपट लागला की वर्तमानपत्राची पुरवणी पाहणारी मुलगी फोन करते, "मॅडम, तुम्हीच लिहा, बाकी कोण जायला तयार नाही," आणि मी सोमवारच्या सकाळच्या खेळाला जाऊन बसते. गेल्या महिन्यातही गेले होते. एवढ्या मोठ्या थिएटरात आम्ही पाच जण. चार तमिळ तरुण कागलच्या एमआयडीसीतले, पाळी संपवून थेट आलेले, आणि पाचवी मी, स्वेटर घालून, कारण माणसं कमी आहेत म्हणून तिथला एसी कोणी कमी करत नाही. साधी प्रेमकथा होती. नायिकेचं काम फार चांगलं. भांडणाच्या प्रसंगात ती आवाज चढवत नाही, शेवग्याच्या शेंगा मोडत बोलते, आणि शेंग कुठे मोडायची ते तिला बरोबर कळतं. नायक देखणा आहे, पण प्रेमात पडल्यावरचा आणि बस चुकल्यावरचा त्याचा चेहरा मला वेगळा काढता आला नाही. तसं मी लिहिलंही. ती मुलं विनोदाला माझ्याआधी हसायची. खालची इंग्रजी पाटी वाचून होईपर्यंत माझं हसू शिळं झालेलं असायचं, मग मी ते आवरून घ्यायचे. खेळ संपल्यावर जिन्यात त्यांच्यातल्या एकाला थांबवून मी विचारलं, "पावणं, शेवटी ती दारात काय म्हणाली? पाटीवर होतं तेच ना?" त्याला म्हातारीची गंमत वाटली असणार. पण मी प्रत्येक वेळी विचारते. विचारल्याशिवाय तमिळ चित्रपटाचा शेवट मी लिहीत नाही. याला माझा काटेकोरपणा कारणीभूत आहे असं लोकांना वाटतं, आणि मी वाटू देते.

आमचं घर शाहूपुरीत होतं. खाली अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, बी-बियाणांचं दुकान आणि वर आम्ही. दिवसभर खालून पोती टाकल्याचे धप्प धप्प आवाज येत, तराजूची साखळी वाजे, आणि गुळाचा हंगाम असला की बाजूच्या अडतीवरची सौद्यांची आरडाओरड. आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि अक्का सोळाची. तेव्हापासून माझ्या वेण्या, माझं प्रगतिपुस्तक, माझा ताप, सगळं अक्काने पाहिलं. आम्ही जैन, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवणं. आजूबाजूच्या घरांत तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची फोडणी पडायची, तेव्हा आमची भांडी घासून पालथी झालेली असत. लहानपणी मला याचं काही वाटलं नाही. अक्का लग्न होऊन गेली आणि मग कळलं की लवकर जेवणाऱ्या घरातली संध्याकाळ किती लांब असते. अण्णा मूळचे अबोल. जेवण झालं की ते गॅलरीत खुर्ची टाकून बसत, दिवसाला तीन वाक्यं बोलत, त्यातलं एक "दार लावलंस का?" असे. मी अभ्यासाचं पुस्तक उघडून शेजारच्यांच्या घरातली भांडणं ऐकत बसायचे. भांडण का होईना, माणसांचा आवाज यायचा.

दाजी, म्हणजे अक्काचा नवरा, मुरगूडचे. फौंड्रीत साचे करण्याच्या कामात हुशार माणूस. लग्नानंतर वर्षभराने त्यांना कोइमतूरच्या एका फौंड्रीत चांगली नोकरी लागली. "खोली मिळाली की नेतो," असं सांगून त्यांनी अक्काला मुरगूडला आईजवळ ठेवलं आणि एकटेच गेले. खोली काही मिळेना. वर्ष झालं. अक्का तिकडे सासूची बोलणी खात, म्हशी राखत बसली. मग वैशाखात चुलतभावाच्या लग्नाला म्हणून एक पिशवी घेऊन आली आणि परत गेलीच नाही. मी सतरा वर्षांची होते. तिच्या संसाराचं काय होणार या काळजीने अण्णांच्या कपाळाला आठी पडली, आणि मला मात्र आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. सकाळी उठले की स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज यायचा आणि मी पुन्हा डोळे मिटून तो ऐकत पडायचे. संध्याकाळ आखूड झाली. अक्का माझ्या केसांना तेल लावायची, शेंगा भाजायची, कॉलेजातल्या मास्तरांच्या नकला मला करायला लावायची. हे असंच राहावं, एवढीच माझी इच्छा होती.

दाजींची पत्रं येत. स्वभावाने ते थट्टेखोर. आमच्याकडे बायकाही "मी येतो, मी जातो" असंच बोलतात, त्यावरून ते पत्रातही तिला चिडवत, "तिथं येणारा तो कोण, मी का तू?" शिवाय प्रत्येक पत्रात एकदोन तमिळ शब्द शिकवत. 'तण्णी म्हणजे पाणी. इल्लै म्हणजे न्हाई. इथं पाणी मागितलं की इल्लै म्हणत्यात.' अक्का हसायची आणि शब्द पाठ करायची. पण हसून खोली मिळत नव्हती. आषाढात तिने ठरवलं आणि खरमरीत पत्र लिहिलं. पाकीट बंद करण्याआधी मला वाचून दाखवलं. "मी तुमच्या आईच्या म्हशी राखायला लगीन केलं न्हाई. खोली मिळंना झाली असंल तर तसं सांगा, न्हाईतर मी हितंच बरी." मी म्हटलं, "अक्का, जरा जास्त झालं." ती म्हणाली, "होऊं दे की."

उत्तर पंधरा दिवसांनी आलं. दुकानाच्या पत्त्यावर आलं, त्यामुळे आधी अण्णांच्या हातात पडलं. ते पत्र घेऊन वर आले आणि प्रथमच त्यांनी मुलीचं पत्र स्वतः उभ्याउभ्या वाचलं. आधी उकाडा, भट्टी, जेवणाचे हाल, आईची तब्येत, आणि शेवटी तीन वाक्यं. ती मला आजही जशीच्या तशी आठवतात. 'तू लिहिलेलं सगळं वाचलं. माझं उत्तर एकच आहे. वा.' पुढे अर्थ नाही, कंस नाही, काही नाही. खाली सही.

अण्णांनी चष्मा काढला. "वा म्हणतोय," ते म्हणाले. "बायकू माहेरी येऊन बसलीया आणि ह्यो तिकडनं टाळ्या वाजवालाय. वा."

अक्काने पत्र हातात घेऊन दोनदा वाचलं. "मी एवढं लिवलं," ती म्हणाली, "आणि एक अक्षर."

"आता त्यो हितं येऊन पाया पडला तरी मी तुला धाडत न्हाई," अण्णा म्हणाले आणि खाली गेले. दिवसाच्या तीन वाक्यांपेक्षा ते त्या दिवशी बरंच जास्त बोलले होते.

तो दाजींचा टोमणा आहे याबद्दल आम्हा तिघांपैकी कोणालाही शंका आली नाही. मराठी माणसाने 'वा' हा शब्द एकटा ऐकला की तो एकतर गाण्याच्या बैठकीत बसलेला असतो किंवा त्याला कोणीतरी टोचून बोललेलं असतं. गाणं तर इथे नव्हतं. आणि अक्काला ते लागायला आणखी एक कारण होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिच्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं की दाजी ताटावर बसून "वा" म्हणायचे. तेव्हा ती हसायची.

त्या काळात रविवारी दुपारी टीव्हीवर निरनिराळ्या भाषांतले चित्रपट दाखवत. कधी बंगाली, कधी ओडिया, कधी तमिळ. आमच्या गल्लीत ते कोणी पाहत नसे. त्या वेळी माणसं जेवून आडवी व्हायची. अक्का मात्र आल्यापासून तमिळ चित्रपट असला की बसायचीच. "मला तिथं जायचंय तर कान तयार नको व्हय?" असं म्हणायची. आमचा टीव्ही लहान, काळा-पांढरा, आणि त्याचं चित्र खाली घसरलेलं. इंग्रजी पाट्यांची नुसती डोकी दिसत, धड खालच्या लाकडात गेलेलं. टी आहे की आय, हे ओळखण्यात मी अर्धा चित्रपट घालवायचे आणि मग नाद सोडून माणसांच्या चेहऱ्यांकडे बघायचे. परीक्षण लिहिण्याची माझी शाळा तीच. शब्द कळत नसले की माणूस हातांकडे बघतो, मान कुठे वळते ते बघतो, कोण कोणाच्या किती जवळ बसतं ते बघतो.

ते पत्र आल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी तमिळ चित्रपट होता. अक्का म्हणाली, "मला न्हाई बघायचा." पण पाट्या पडायला लागल्या तशी हात पुसत येऊन बसली. मिठागराच्या गावातली गोष्ट. नायिका टपाल कचेरीत काम करणारी, हाडापेराने मोठी, रूपाने बेताची, पण काय चालायची ती. पैलवानाच्या आखाड्यात शोभावी अशी ताठ. नायक लेथ मशीनवरचा कारागीर. दोघांचं जमतं, लग्न होतं, तिची बदली होते, तो जाऊ देत नाही, ती जाते. दोन वर्षं जातात. मधे तिच्या सासूचं काम करणारी एक म्हातारी नटी होती. सून निघून गेल्यावर ती तिच्या न्हाणीच्या दगडावर नुसती बसून राहते, एवढाच तिचा प्रसंग, पण अक्काने तिथे पदर तोंडाला लावला. शेवटी नायिका परत येते. भर उन्हात बसमधून उतरून दारासमोर उभी राहते, हातात बॅग. तो दार उघडतो. कितीतरी वेळ नुसता बघतो. आणि एकच शब्द बोलतो.

"वा."

तिने एक पाऊल उचललं, आणि पडद्यावर नावं वर सरकायला लागली.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत बसलो होतो. मग अक्का उठली आणि टीव्हीचं बटण फिरवलं. "बघितलंस?" ती म्हणाली. "तिथलं बाप्ये बी तसंच हाईत."

त्याच संध्याकाळी मी वहीत परीक्षण लिहून काढलं. गल्लीच्या तोंडाला दळवीकाकांचा छापखाना होता. अण्णांच्या दुकानाची बिलं तिथे छापली जात, आणि दळवीकाका स्वतःचं एक साप्ताहिकही काढत. त्यांना रकाने भरायला मजकूर लागायचा, मला छापून यायला हवं होतं. त्यांनी वाचलं, भुवया वर केल्या, आणि "एका शब्दाचा वार" असा मथळा घालून पुढच्याच अंकात छापलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं छापील लिखाण. त्यात मी नायकाच्या कामाचं तोंड भरून कौतुक केलं होतं. त्याचे डोळे कसे थंड आहेत, त्या एका 'वा'त दोन वर्षांचा हिशोब तो कसा चुकता करतो, आणि पाऊल मागे घेणाऱ्या नायिकेच्या पाठीतही अपमान कसा दिसतो, असं सगळं. पाठ दिसलीच नव्हती. पण मी लिहिलं, कारण वाक्य चांगलं झालं होतं. या धंद्यात पुढे मी बऱ्याच चुका केल्या, त्या बहुतेक वाक्य चांगलं झालं म्हणूनच केल्या.

अक्काने ते परीक्षण तीनदा वाचलं. मग कात्रीने कापून ट्रंकेत साडीखाली ठेवलं. "बरोबर लिवलंस," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने दाजींना उत्तर लिहायचं नाही असं ठरवल्याचं सांगितलं. छापलेल्या शब्दाचं वजन काय असतं ते मला तेव्हा कळलं, आणि खरं सांगायचं तर मी सुखावले.

पंचमीच्या आठवड्यात दळवीकाकांनी मला कॉलेजातून येताना हाक मारली. "ए पोरी, तुझ्या नावानं कार्ड आलंया. वाच आधी." शिरोलीच्या एका कारखान्यात जिचा नवरा कामाला होता अशा एका तमिळ बाईने ते पाठवलं होतं. अक्षर बालवर्गातल्या मुलीसारखं गोल गोल. 'तुमचा परीक्षण मला आवडला. माझी मराठी कमी आहे, माफ करा. पण पिक्चरचा शेवट तुम्ही उलटा लिहिला. आमच्या भाषेत वा म्हणजे ये. तो तिला टोमणा नाही मारतो. तो तिला घरात बोलावतो.'

मी छापखान्याच्या पायरीवर बसले. चिकोडीकडची आमची आत्या कानडीच बोलायची. ती आली की जिन्यातूनच मला हाक मारायची, "बा इल्ली," इकडे ये. बा म्हणजे ये हे मला बोलता येत नव्हतं तेव्हापासून माहीत होतं. आमच्या घरात तिघांनाही माहीत होतं. बाचा वा व्हायला किती अंतर लागतं? पण 'वा' हा शब्द आमच्या मराठीत आधीच ठाण मांडून बसला होता, आणि आम्ही त्याच्या पलीकडे पाहिलं नाही. तो नायक माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. चेहरा तोच, उन्हातला, न हलणारा. थंड म्हणून मी लिहिलेले डोळे आता भरून आल्यासारखे दिसायला लागले. त्याने काम बदललं नव्हतं, शब्दाचा अर्थ तेवढा बदलला होता. आणि मग दाजींचं पत्र. 'माझं उत्तर एकच आहे. ये.'

दळवीकाका म्हणाले, "पुढच्या अंकात चूकदुरुस्ती टाकूया की. चार ओळी लिहून दे."

"नको काका."

"का गं? चूक कबूल करायला लाज वाटती व्हय?"

"व्हय," मी म्हटलं. ते खोटं होतं. त्यांचा अंक आमच्या घरी येत होता आणि अक्का तो पहिल्या पानापासून वाचत होती.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "बरं. लहान हाईस म्हणून सोडतो. पुढच्या येळंला नीट बघून लिव्हत जा," असं म्हणून कार्ड माझ्या हातात दिलं. मी ते फिजिक्सच्या पुस्तकात घातलं. ते पुस्तक घरात माझ्याशिवाय कोणी उघडत नसे, आणि मीही फारसं उघडत नव्हते.

उद्या सांगू, असं मी रोज म्हणत होते. पंचमीला गल्लीतल्या मुलींनी झोपाळा बांधला. अक्का इतक्या दिवसांनी त्याच्यावर चढली, आणि मी खाली उभी राहून ठरवलं की आजचा दिवस जाऊ दे. मग तिने माझ्यासाठी पुरणाची दिंडं केली, मग माझी चाचणी परीक्षा आली, मग ती एकदा तापाने पडली. सबबींना तोटा नव्हता. रोज दिवस मावळताना आम्ही तिघं जेवायला बसायचो आणि मला वाटायचं, हे ताट आपण मोडायचं? मी सांगितलं की ती जाणार, आणि मग पुन्हा मी, अण्णा आणि शेजारच्यांची भांडणं. श्रावण संपता संपता दाजींचं आणखी एक पत्र आलं. मी दुकानाच्या दारातच उभी होते. अण्णांनी अक्षर ओळखलं आणि पोस्टमनला म्हणाले, "घेत न्हाई म्हणून लिवा आणि द्या माघारी." पोस्टमनने माझ्याकडे बघितलं. मी एक शब्द बोलले असते तरी पुरलं असतं. मी जिना चढून वर गेले.

त्याच संध्याकाळी जेवताना अण्णांनी सांगून टाकलं की भाद्रपदातलं आमचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व संपलं की ते मुरगूडला जाऊन सोक्षमोक्ष लावणार. सोडचिठ्ठी हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण तो आमच्या ताटांमध्ये येऊन पडला. अक्का उठून ताटं उचलायला लागली. पर्वाचे दहाही दिवस तिने रोज एकदाच जेवून काढले. नवव्या दिवशी दुपारी ती खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काय गं, मला त्यांचा आवाज आठवंना झालाय. तोंड दिसतंय. आवाजच न्हाई." ती रडत नव्हती. खडा काढून बाजूला टाकत होती.

पर्व संपलं की क्षमावणीचा दिवस येतो. त्या दिवशी आमच्यात प्रत्येकाने प्रत्येकाची क्षमा मागायची असते. लहानाने मोठ्याची, मोठ्याने लहानाची. बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, सकाळपासून माणसं एकमेकांपुढे हात जोडत असतात. वर्षभर बांधावरून भांडलेले चुलते एकमेकांना उत्तम क्षमा म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधावर जातात. बस्तीतून आम्ही दुपारी घरी आलो. अण्णा खाली गेले. अक्काने माझ्यासमोर येऊन हात जोडले. दर वर्षी ती हे हसत करायची. या वर्षी हसली नाही. "वर्षभरात जाणता-अजाणता काय बोललो असंन, रागावलो असंन, तर उत्तम क्षमा," असं म्हणून ती माझ्या उत्तराची वाट बघत उभी राहिली.

माझ्या तोंडून ते दोन शब्द निघेनात. मी आत जाऊन फिजिक्सच्या पुस्तकातलं कार्ड आणलं आणि तिच्या जोडलेल्या हातात दिलं.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग उलटं करून पोस्टाचा शिक्का बघितला.

"हे कवा आलं?"

"पंचमीच्या आठवड्यात."

"म्हणजे अण्णांनी पत्र माघारी धाडलं तवा तुला ठावं होतं."

"व्हय."

"का गं?"

"तू गेलीस की मी एकटी पडतो म्हणून."

ती खाली बसली. मला मार हवा होता. तिने लहानपणी मला मारलेलं होतं, आणि मारून झाल्यावर ती स्वतः रडत मला जवळ घ्यायची. मी तशीच वाट बघत उभी राहिले. बऱ्याच वेळाने ती उठली, दिवस कलायला लागला होता, स्वयंपाक व्हायचा होता. माझ्याकडे तोंड करून तिने पुन्हा हात जोडले, अगदी बस्तीत अनोळखी बाईला जोडावेत तसे, आणि म्हणाली, "उत्तम क्षमा." आणि पीठ काढायला आत गेली.

अण्णांना तिने शब्दाचा अर्थ सांगितला. कार्ड कधी आलं ते सांगितलं नाही. अण्णा शेवटपर्यंत असंच समजत राहिले की ते क्षमावणीच्याच दिवशी आलं. तिसऱ्या दिवशी ते तिला घेऊन मिरजेहून गाडीने कोइमतूरला गेले. मी स्टेशनपर्यंत गेले होते. "येळंवर जेवत जा," एवढंच अक्का म्हणाली. आठवड्याने अण्णा एकटे परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. माघारी गेलेल्या पत्रात दाजींनी लिहिलं होतं की कावीळ झाली आहे, खोली मिळाली आहे, निघून ये. पत्र परत आल्यावर त्यांनी पुन्हा लिहिलं नाही. महिनाभर ते त्या खोलीत एकटेच पडून होते, शेजारची एक बाई पेज आणून द्यायची. वाचले ते नशिबाने. दाजींनी ही हकिगत पुढे आयुष्यभर विनोद म्हणून सांगितली, माझ्यासमोरही, "एक अक्षर लिवलं आणि मरता मरता वाचलो." सगळे हसायचे. अक्का तेवढी उठून आत जायची.

आमचं भांडण कधीच झालं नाही. तिची पत्रं अण्णांच्या नावाने येत आणि शेवटी 'धाकटीस आशीर्वाद' असे. ती बाळंतपणाला माहेरी आली नाही. तिकडे चांगला दवाखाना आहे म्हणाली. मी शिकले, शाळेत मास्तरीण झाले, लग्न जमलं नाही, मग जमवायचं सोडून दिलं. अण्णा गेले तेव्हा ती आली, सगळं नीट केलं, आईच्या पाटल्या अर्ध्या अर्ध्या केल्या. मी तिला एकदा विचारणार होते. पण क्षमा तर तिने त्याच दिवशी रीतसर केली होती, मग आता आणखी काय मागायचं, ते मला शब्दांत मांडता आलं नाही. परीक्षणं मात्र मी सोडली नाहीत. वर्षाला दोनतीन का होईना, तमिळ चित्रपट पाहून त्यावर लिहीत राहिले. ती कात्रणं कोइमतूरला पोचत होती की नाही ते मला माहीत नाही. मी पाठवत होते.

दाजी गेले त्याला आता काही वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात भाचीचा फोन आला, "मावशी, तुम्ही तिथं एकट्या काय करता? इकडे या ना राहायला." तिचं मराठी पुस्तकी आहे आणि बोलणं गोड. मी हरखले. इथलं घर भाड्याने देता येईल का, असाही विचार एक दिवस करून झाला. तिकीट काढताना तिने परतीची तारीख विचारली, तेव्हा पाठीमागून अक्काचा आवाज आला, "आठ दिवस राहू दे तिला, मग जाऊ दे. तिची परीक्षणं असत्यात." भाचीने तसं तिकीट काढलं.

आठही दिवस बरे गेले. अक्का आता पासष्टीकडे आली आहे. तमिळ अशी बोलते की भाजीवाल्यालाही ती इथलीच वाटते. माझ्या आवडीचं सगळं तिने केलं, शेंगांची चटणीही केली. शेवटच्या दिवशी रविवार होता. दुपारी सगळं घर टीव्हीसमोर बसलं. तमिळ चित्रपट, जुनाच कुठला तरी, प्रेमाचा. त्या घरात पाट्यांची कोणाला गरज नाही, त्यामुळे त्या नव्हत्या. मी नेहमीसारखी हातांकडे आणि मानांकडे बघत होते. एका प्रसंगात म्हातारी झालेली नायिका नवऱ्याच्या उशाशी बसून हळूहळू काही बोलत होती. काम उत्तम होतं, ते मला भाषेशिवायही कळत होतं. नातवंडं गप्प झाली. अक्काने चष्मा काढून डोळे पुसले.

मी तिच्याकडे सरकून विचारलं, "अक्का, काय म्हणाली गं ती?"

"सांगतो मग," अक्का म्हणाली. तिची नजर पडद्यावर होती.

चित्रपट संपला. ती चहा ठेवायला उठली. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले, कप काढून दिले, तिने साखर विचारली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने मला स्टेशनवर सोडलं. गाडीत तिला विचारलं असतं तर तिने लगेच सांगितलं असतं. पण मला ते अक्काकडून हवं होतं.